घशात पाणी आलं का?

दिवाळी अंकात अनुभव लिहिणारी मंडळी बहुतेक निवृत्त असतात. कुणी पस्तीस वर्षं बँकेत काढलेली, कुणी तीस वर्षं एसटीत. माझं तसं नाही. माझी ही नोकरीसुद्धा नाही, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली उमेदवारी आहे. म्हणून अंकाच्या संपादक ताईंनी विचारलं तेव्हा मी आमच्या रशीदमामूंचं नाव सुचवलं. मामू आमच्या नेत्र रुग्णालयात सव्वीस वर्षं डोळ्यांच्या नळ्या तपासताहेत आणि यंदा निवृत्त होताहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेरेकू लिखना कहाँ आता बेटा? तू कॉलेज की है. तू लिख." म्हणून मी लिहिते आहे. यात चुकलेलं असेल ते माझं, आणि कामाचं जे खरं असेल ते त्यांनी शिकवलेलं.

काम सांगायला सोपं आहे. मी लोकांना विचारते, "घशात पाणी आलं का?" आमच्या शहरात हा प्रश्न तसा ओळखीचा. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सकाळी गल्लीत बायका एकमेकींना दुसरं काही विचारतच नाहीत. पहिल्या आठवड्यात मी आईला फोनवर माझं काम सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं शिकून पाणीच इचारतीस व्हय?" आई दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. प्रवेश मिळाला तेव्हा गावच्या विहारात पेढे वाटले होते. मी ऑप्टोमेट्री शिकते, म्हणजे डोळे तपासण्याचं शास्त्र, हे सांगून झालं तरी गावात माझं नाव 'चष्मेवाली'च पडलं आहे.

पहिल्या दिवशी वसतिगृहातून निघताना माझ्या पांढऱ्या ॲप्रनची एक गुंडी तुटली. खोलीत पांढरा दोरा नव्हता. काळ्या दोऱ्यानं शिवली आणि दिवसभर फाइल छातीशी धरून फिरले. संध्याकाळी मामूंना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, इथं येणाऱ्यांना तुझी गुंडी दिसली असती तर ते इथं कशाला आले असते? तेव्हापासून तो दोरा तसाच राहिला.

आता नळ्यांबद्दल. डोळ्यातून पाणी येतं एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते जातं कुठं, हे मलाही कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं गालावरून जातं आणि पदरानं पुसलं जातं.

पाणी फक्त रडतानाच येत नाही. डोळ्याच्या वर, कानाकडच्या बाजूला, भुवईच्या हाडाखाली बदामाएवढी एक ग्रंथी असते. ती दिवसभर थोडं थोडं पाणी सोडत राहते. पापणी मिटली की ते पाणी डोळाभर पसरतं, धूळ उचलतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात जमतं. त्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीच्या काठावर एकेक छिद्र असतं. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाजवळ जरा बाहेर ओढून बघा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसेल. मी पहिल्यांदा माझा स्वतःचा ठिपका पाहिला तेव्हा शेजारच्या मुलीला उठवून तिचाही पाहिला होता. त्या दोन छिद्रांतून दोन अगदी बारीक नळ्या निघतात, पुढे एकत्र येतात आणि नाकाच्या हाडाच्या खोबणीत बसलेल्या एका लहानशा पिशवीत उघडतात. पिशवीतून एक नळी खाली नाकात उतरते. म्हणून रडलं की नाक गळतं. डोळ्यात थेंब टाकल्यावर थोड्या वेळानं घशात कडू लागतं, तेही म्हणूनच. आणि हे पाणी नुसतं उतारानं वाहत नाही. पापणी मिटते तेव्हा तिथला स्नायू आवळतो आणि सैल पडतो, त्या दाबानं पाणी ओढलं जातं. म्हणजे आपण दिवसभर नकळत पंप मारत असतो.

मामूंनी हेच मला दोन वाक्यांत सांगितलं. मामू बेगमपुऱ्यातले, पाणचक्कीच्या परिसरात लहानाचे मोठे झालेले. ते म्हणाले, "नहर जमीन के नीचे से आती, किसकू दिखती क्या? चक्की फिरी तो समझना पानी पहुँचा." मी वहीत तीन पानं उतरवून घेतली होती, पण परीक्षेत मला मामूंची चक्कीच आठवली.

नळी कुठं तरी बंद पडली की पाणी उलटं फिरून गालावर येतं. असे लोक आमच्याकडे रोज येतात. गुलमंडीवरचे एक कापडवाले शेटजी होते. त्यांचा उजवा डोळा सारखा गळायचा. त्यांची तक्रार आजाराची नव्हतीच. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक साडीचा भाव पाडून मागतं, इतक्यात माझ्या डोळ्यातून पाणी येतं आणि गिऱ्हाईक ओशाळून सांगेल तो भाव देतं. मामूंनी विचारलं, मग तक्रार काय? शेटजी म्हणाले, "आता बाजारभर झालंय, शेटजी नाटकं करतात म्हणून. आता रडलो तरी कुणी ऐकत नाही." त्यांची नळी अर्धवट बंद होती. मोकळी झाली तेव्हा ते खूश होते की नाराज, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तान्ह्या बाळांचंही येतं. काही बाळांच्या नळीच्या खालच्या तोंडाशी जन्मतः एक पातळ पडदा राहिलेला असतो. आई घाबरलेली, आजी काजळाची डबी घेऊन तयार. तिथं ऑपरेशन नसतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकाच्या बाजूनं खाली, बोटानं हलका दाब देत रोज मालीश करायची. बहुतेक बाळांचा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो. ही मालीश शिकवायचं काम मला फार आवडतं. आईचं बोट आपल्या हातात धरून बाळाच्या नाकाशी न्यायचं, आणि आजीला काजळाची डबी पिशवीत ठेवायला सांगायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

पण रोजचं मोठं काम म्हणजे मोतीबिंदूच्या पेशंटांचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची नळी तपासावी लागते. कारण असं, की बंद नळीच्या पिशवीत पाणी साचतं, नासतं आणि त्याचा पू होतो. मोतीबिंदू काढताना डोळ्याला छेद द्यावा लागतो. शेजारी पुवाची पिशवी ठेवून डोळा उघडला, तर पू आत जाऊ शकतो. मग मोतीबिंदू राहतो बाजूला, डोळाच जातो.

तपासायची पद्धत अशी. आधी डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून बघायचं, छिद्रातून पू येतो का. मग बधिर करणारा थेंब. मग बोथट टोकाची बारीक सुई खालच्या छिद्रात अलगद घालायची आणि सिरिंजमधलं सलाईन हळूहळू सोडायचं. नळी मोकळी असेल तर ते नाकातून घशात उतरतं. बंद असेल तर वरच्या छिद्रातून उलटं बाहेर येतं. आणि सलाईन सोडता सोडता विचारायचं, "घशात पाणी आलं का?" पेशंट "आलं" म्हणाला की केसपेपरवर 'मोकळी' लिहायचं आणि पुढचा पेशंट घ्यायचा.

मला स्वतंत्र खुर्ची मिळाली त्या दिवशी वेरूळ भागातल्या शिबिराची बस आली होती. तीस-पस्तीस पेशंट. मामू एका खुर्चीशी, मी दुसऱ्या. रांग दारापासून जिन्यापर्यंत गेलेली.

माझ्या रांगेत गयाबाई होत्या. वय सत्तरच्या आसपास, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. त्यांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला, समोर धरलेला हात तेवढा कळायचा. केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलं होतं, 'एकच डोळा'. असा पेशंट दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला सगळ्यात पहिला घेतात.

गयाबाई वेरूळला देवळाबाहेर बेल आणि हार विकायच्या. खुर्चीत बसता बसता त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून दुकान सून बघते आणि त्या मागं बसून बेल निवडतात. बेलाची तिन्ही पानं अखंड लागतात, एक जरी तुटलं असेल तर भाविक परत करतात. त्या बोटांनी चाचपून निवडायच्या, पण किडीचं बारीक भोक बोटाला कळत नाही. हार ओवणं तर सुटलंच होतं. याआधी दोन शिबिरांतून त्यांना परत पाठवलं होतं, एकदा बीपीमुळे आणि एकदा साखरेमुळे. "आता नका परत धाडू बाई," एवढं त्या दोनदा म्हणाल्या.

मी कोपरा दाबून पाहिला. काही आलं नाही. थेंब टाकला, सुई घातली, सलाईन सोडलं. थोडं पाणी डोळ्यातून बाहेर आलं आणि गालावर ओघळलं. माझ्या हाताला अजून सवय नव्हती. मला वाटलं, सुई नीट बसलेली नाही, माझ्याच हातून सांडतंय. मी विचारलं, "आजी, घशात पाणी आलं का?"

"आलं की. लई आलं," गयाबाई म्हणाल्या आणि आवंढाही गिळला.

मला हायसं वाटलं. माझ्यामागं रांग होती, मामूंच्या खुर्चीवर माझ्यापेक्षा दुप्पट पेशंट होऊन गेले होते. मी 'मोकळी' लिहिलं, सही केली आणि पुढच्या बाबांना बोलावलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला, वॉर्डात जेवणाची ताटं येत होती तेव्हा, मी गयाबाईंच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींना न्यायला गेले. त्यांचं बीपी दुपारी वाढलं होतं म्हणून त्यांची नळी तपासायची राहिली होती. दारात पोहोचले तर गयाबाई त्यांना समजावत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"घाबरू नको. सुई टोचत नाय. पानी आलं का म्हनून इचारत्यात, तवा आलं म्हनायचं. नाय म्हनलं की घरी धाडत्यात."

त्या आजींनी विचारलं, "आन् आलंच नाय तर?"

"मला तरी कुठं आलं? म्या म्हनलं आलं. सकाळी डोळ्याचा कोपरा दाबून पुसून घेतला व्हता, घाण दिसू नये म्हनून. झालं की काम. उद्या पैला नंबर हाय मपला."

मी दारातूनच परत फिरले. पाण्याच्या कूलरपाशी जाऊन ग्लास भरला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. दुपारी गालावर ओघळलेलं ते पाणी मला पुन्हा दिसायला लागलं. ते खालच्या छिद्रातून सांडलेलं नव्हतं. ते वरच्या छिद्रातून परत आलेलं होतं. मी ते पाहिलं होतं. पण माझा माझ्या हातावर विश्वास नव्हता म्हणून मी माझ्या डोळ्यांवरही ठेवला नाही, आणि एका घाबरलेल्या बाईच्या 'हो'वर सही केली.

प्रामाणिकपणे लिहायचं तर ती पाच मिनिटं मी पेशंटचाच विचार करत होते असं नाही. पहिल्याच दिवशी खुर्ची जाणार, हे मनात आलं. उमेदवारीच्या दाखल्यावर काय लिहितील, हे आलं. विहारात वाटलेले पेढे आठवले. असंही वाटलं की गयाबाई कदाचित नुसत्या बढाया मारत असतील, म्हाताऱ्या माणसांना सवय असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टेबलावर तो एकच डोळा उघडणार होता. मी ग्लास तसाच ठेवला आणि वॉर्डात जाऊन गयाबाईंना म्हणाले, "आजी, जरा माझ्याबरोबर चला. पुन्हा एकदा बघायचंय."

खुर्चीत बसवल्यावर मी त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाबलं. सकाळपासून पिशवी भरायला वेळ मिळाला होता. खालच्या छिद्रातून पिवळट पुवाचा एक थेंब वर आला. तरीही मी सुई घातली, मला खात्री करायची होती. या वेळी सलाईन वरच्या छिद्रातून उलटं येताना मी नीट पाहिलं. आणि 'आलं का' असं विचारलं नाही. विचारलं, "आजी, घशात काय लागलं?"

गयाबाईंनी पुन्हा आवंढा गिळला. मग म्हणाल्या, "ग्वाड लागलं. लई ग्वाड पानी हाय तुमचं."

सलाईन खारट असतं. हसावं की काय करावं मला कळेना. मी सिरिंज ठेवली आणि म्हणाले, "आजी, तुमची नळी बंद आहे. उद्या ऑपरेशन होणार नाही. मी मॅडमना सांगणार आहे."

त्या एकदम ओरडल्या नाहीत. आधी माझा हात शोधून धरला. "नको ना सांगू, लेकरा. तुझ्या आईवानी हाय म्या." मी केसपेपर उचलला तेव्हा हात सोडून दिला. "तुझे दोन डोळे शाबूत हायेत म्हनून तुला शिकवनं सुचतंय," असं म्हणून लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घेतला. वॉर्डापर्यंत त्यांनी माझा हात धरला नाही, भिंत धरून गेल्या.

मामू नमाज पढून परत आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "भरोसा किस पे करी तू? उसके मुँह पे, के अपनी आँख पे?" मग ते पायरीवर बसले. म्हणाले, कामाला लागलो त्या वर्षी एका म्हाताऱ्याचं 'हौ' मी पण ऐकलं होतं. आठ दिवसांनी त्याचा डोळा गेला. तो मला काही बोलला नाही, उलट जाताना दुवा देऊन गेला. "तबसे मैं मुँह से हाँ-ना पूछताच नहीं. चक्की देखता." एवढं बोलून ते उठले आणि म्हणाले, चल, मॅडमकडे मी येतो बरोबर.

मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्य सर्जन. त्या दुसऱ्या दिवशीची यादी तपासत होत्या. मी जे जे झालं ते सांगितलं, पाण्याच्या कूलरपाशी घालवलेली पाच मिनिटंसुद्धा. त्यांनी केसपेपर माझ्यासमोर सरकवला.

"इथं काय लिहिलंयस?"

"मोकळी."

"आता?"

"बंद आहे. पू आहे."

"मग लिही. पहिलं गिरगटून घालवू नको. एक रेघ मार, खाली नवीन लिही, वेळ घाल आणि सही कर. वाचणाऱ्याला चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही." मी रेघ मारली, खाली लिहिलं आणि सही केली. त्या यादीवरून पहिलं नाव काढता काढता म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत थांबली नाहीस, बरं केलंस." खुर्चीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी मामूंना विचारलं, उद्या मी कुठं बसू? ते म्हणाले, "जहाँ आज बैठी थी. नै बैठी तो सीखेंगी कैसे?"

आणि शेजारच्या त्या आजी. त्यांना त्याच संध्याकाळी मामूंच्या खुर्चीवर बसवलं. मामूंनी विचारलं, "माँजी, कैसा लगा?" त्या म्हणाल्या, "खारट हाय की वो." नळी मोकळी होती. शिकवणी फुकट गेली.

मॅडम स्वतः गयाबाईंच्या खाटेशी गेल्या. त्यांना घरी पाठवणार नाही हे आधी सांगितलं, बाकी सगळं नंतर. मला ती रीत फार आवडली. मग समजावलं, की आधी पिशवीतला पू औषधानं कमी करायचा, मग नाकाच्या हाडाला एक लहानशी खिडकी पाडून पिशवी थेट नाकात उघडायची, म्हणजे खालची बंद नळी लागणारच नाही. ती जखम पूर्ण भरली की मग मोतीबिंदू. गयाबाई म्हणाल्या, "म्हंजी पाट फोडून दुसरीकडून काढायचा." मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

तिसऱ्या दिवशी शिबिराची बस परत निघाली. बाकीचे सगळे डोळ्याला काळे चष्मे लावून, पिशव्या सावरत बसले. गयाबाई वॉर्डाच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना बस दिसत नव्हती, फक्त आवाज येत होता. आवाज गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "गेली नव्हं? जाऊ दे." त्या संध्याकाळनंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

नळीचं ऑपरेशन नीट झालं. टाके काढले त्या दिवशी त्यांना माझ्याच खुर्चीवर आणलं. मामू मागं उभे होते पण मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मी कोपरा दाबला, काही आलं नाही. या वेळी पूही नव्हता आणि सकाळी कुणी पुसलेलंही नव्हतं, मी वॉर्डातल्या सिस्टरना विचारून ठेवलं होतं. सुई घातली. सलाईन सोडलं. वरच्या छिद्रातून काहीच परत आलं नाही. मी विचारायच्या आधीच गयाबाई ठसकल्या, नाक फुरफुरवलं आणि उठून बसायला लागल्या.

"आजी, काय लागलं?"

"खारट," त्या म्हणाल्या. मग जिभेनं टाळू चाटून पाहिली. "पन तुमच्या हितल्या वरनापरीस मीठ बरं हाय."

मामू मागून हसले. मी केसपेपरवर 'मोकळी' लिहिलं. वेळ घातली आणि सही केली.

साधारण महिन्याभरानं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या दिवशीही त्यांचा नंबर पहिला होता. सून सोबत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी उघडायची होती आणि मॅडमनी ते काम मला सांगितलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, मॅडमनी स्वतः सांगितलं होतं, पण पट्टीखाली काय आहे ते पट्टी काढल्याशिवाय कळत नाही.

मी पट्टी काढली. पापण्या ओल्या कापसानं पुसल्या. डोळा शुभ्र होता, लाली जवळजवळ नव्हती, कोपरा कोरडा होता. गयाबाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मामू, सून, शेजारच्या दोन-तीन खाटांवरचे लोक, सगळे बघत होते. 'दिसतंय का' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते मी गिळले. या बाईंना 'हो' म्हणता येतं, हे मला माहीत होतं.

"आजी," मी म्हणाले, "काय दिसतंय?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मान खाली केली आणि हात पुढे करून माझ्या ॲप्रनला लावला. बेल निवडताना लावत असतील तसा, अंगठा आणि एक बोट.

"पांढऱ्या कोटाला काळा दोरा गं काहून लावलास?" त्या म्हणाल्या. "आन् गाठ बी सैल हाय. सुटंल ती. सुई-दोरा आन, मी पक्की करून देते."

सून रडायला लागली. मामू काहीतरी शोधायला कपाटाकडे गेले. आणि मी नाक ओढत सुई-दोरा आणायला गेले, कारण नळ्या माझ्याही मोकळ्याच आहेत.

गयाबाईंना त्या दिवशी डोळ्याला ताण द्यायची परवानगी नव्हती, म्हणून सुई मीच ओवली आणि गाठ त्यांनी सांगितली तशी मी घातली. दोरा मात्र काळाच ठेवला. आता कुणाची पट्टी उघडली की मी शेजारी उभी राहते आणि विचारते, गुंडीला कोणत्या रंगाचा दोरा आहे.